जपून ठेवलेली किल्ली

किल्लीमामा जिन्यात दिसला की तीन मजल्यांवरची दारं आतून लागतात. टीव्हीचा आवाज बंद होतो, पोरांच्या तोंडावर हात ठेवला जातो. म्हातारा दाराबाहेर उभा राहून शांतपणे म्हणतो, "चपला बाहेर आहेत आणि आत मिक्सर आत्ताच थांबला. उघडा." मग उघडावं लागतं.

त्याला चहा नको असतो, पाणीही नको. घरात जी कुणी कर्ती बाई असेल तिला तो मधोमध उभी करतो, तिच्याच घरातला टॉवेल तिच्या डोळ्यांना बांधतो आणि सांगतो, "घरात धूर भरलाय. धूर वर जातो, म्हणून तुम्ही खाली. रांगत जा, किल्ली काढा, खिडकीच्या जाळीतलं दार उघडा. तीस मोजेन." आणि खरोखरच मोजायला लागतो.

एका घरात सून टेबलाच्या पायावर डोकं आपटत, खुर्च्या पाडत रांगत निघाली. सासूबाई पलंगावर बसून हसून हसून लोळल्या. म्हणाल्या, "सहा वर्षांत ही माझ्यासमोर इतकी वाकलेली पहिल्यांदाच पाहतेय!"

किल्लीमामानं सुनेच्या डोळ्यांचा टॉवेल सोडला आणि सासूबाईंच्या हातात दिला. "आता तुम्ही."

सासूबाईंचं हसू कुठल्या कुठे पळालं.

त्याच्याविषयी गल्लीत काय काय बोलतात ते विचारू नका. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणतो, म्हातारा चोरांना किल्ल्यांचा पत्ता पुरवतो, हा चोरांचा मामा. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणतात, बायकोला जाऊन किती वर्षं झाली, घर खायला उठतं, म्हणून दुसऱ्यांची घरं हिंडतो. त्याच्या कानावर दोन्ही जातं. तो दोघांच्याही घरी दर महिन्याला जातो. शिंप्याच्या इस्त्रीची पिन पाहतो, फ्रिजमागं हात घालून बोर्ड गरम लागतो का ते बघतो, आणि किल्ली विचारतो.

त्याला मूळचा मामा करणारी त्याची भाची. पण ती गोष्ट सांगायची तर आधी त्याच्या मिशीपासून सुरुवात करायला हवी.

पंचवीस वर्षांपूर्वी ही मिशी गावभर प्रसिद्ध होती. तेव्हा तो नुसता ग्रिलवाला होता. खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसवणं हा धंदा, आणि वेल्डिंग असं की बघत राहावं. त्याच्या जोडाला तोड नाही असं लोक म्हणायचे, आणि तो मिशीवर हात फिरवून म्हणायचा, "माझा जोड तुटला तर ही उतरवीन."

त्याला एक थोरली बहीण होती. ताई दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या मजल्यावर राहायची. घरात नवरा, सासू आणि चौदा वर्षांची मुलगी. ताई हुशार, हाताला चव, जिभेला धार. खोड एकच: वस्तू जपून ठेवायची. म्हणजे इतकी जपून, की नंतर ती कुणालाच मिळू नये, खुद्द ताईलासुद्धा. एकदा सासूची कवळी तिनं अशी जपून ठेवली की सासू तीन दिवस पेजेवर होती. कवळी शेवटी शिलाई मशीनच्या खणात सापडली, रुमालात गुंडाळून, वर चिठ्ठी: 'आईंची कवळी.' चिठ्ठी नेहमी असायचीच. मेव्हणे म्हणायचे, "माझा लग्नातला कोट लग्नानंतर मी पाहिलेला नाही. पण त्याला चिठ्ठी लावलेली असणार, याची खात्री आहे."

शेजारी चोरी झाली आणि ताईनं भावाला बोलावलं. "सगळी खिडकी बंद करून टाक. फटसुद्धा नको."

मेव्हणे म्हणाले, "एक दार तरी ठेवा हो. वेळप्रसंगी बाहेर पडायला."

"वेळप्रसंगी चोर आत येईल, त्याचं काय?" ताई म्हणाली.

भावानं मधला मार्ग काढला. जाळीत माणूस निघेल एवढं दार केलं, त्याला कुलूप लावलं. खिडकीशेजारी खिळा ठोकून किल्ली अडकवली. जाताना मिशीवर हात फिरवत, गमतीनं म्हणाला, "किल्ली जपून ठेव हं ताई. नाहीतर माझी जाळी तोडायला मलाच यावं लागेल."

एवढंच बोलला. दहा-बारा शब्द. हजारदा बोलतात लोक.

बाहेरच्या खोलीत, दाराजवळ, जमिनीवर विजेचा एक एक्स्टेन्शन बोर्ड पडलेला असायचा. त्यावर फ्रिज, टेबलफॅन, इस्त्री, सगळा संसार. तो वर्षभर गरम लागत होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सासूच्या पायाला चटका बसू नये म्हणून ताईनं त्यावर जुन्या चादरीची चौपदरी घडी टाकली होती. यावर नंतर लोक फार बोलले. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी तसाच बोर्ड होता.

दुपारी तीनच्या सुमाराला घडीनं पेट घेतला. घडीवरून पडदा, पडद्यावरून कोच. कोचातल्या फोमचा काळा धूर पाहता पाहता छताला टेकला. ताई आणि सासू आतल्या खोलीत, आणि बाहेर जायचं दार आगीच्या पलीकडे. मुलगी शाळेत, मेव्हणे कामावर.

दुकानात कुणीतरी ओरडत आलं तेव्हा ग्रिलवाला कुणाची तरी जाळी रंगवत होता. त्यानं विजेचा कटर उचलला आणि धावला. खाली पोचल्यावर कळलं, इमारतीची वीज तोडलीय. ती तोडायलाच हवी होती. कटर हातात तसाच राहिला. समोर रंगकाम चालू होतं, तिथून शिडी आणि लोखंड कापायची करवत घेऊन तो वर चढला.

ताई जाळीला धरून उभी होती. चेहरा काळा पडलेला, तोंडावर ओला टॉवेल.

"ताई, किल्ली! खिळ्यावरची किल्ली!"

"तिथं नाही ठेवली रे! आईंचा धक्का लागून सारखी पडायची!"

"मग कुठंय?"

"जपून ठेवलीय!" ती ओरडली. "थांब, बघते!"

आणि ती आत गेली. परत आली, खोकत, रिकाम्या हातानं. "कपाटात नाही. कुठं बरं... थांब." पुन्हा गेली. तो "ताई, नको, इथंच थांब" म्हणून किंचाळत होता आणि करवत चालवत होता. त्याच्याच हातची चौकोनी सळई, त्याच्याच हातचा जोड. पहिली सळई अर्धी कापली तेव्हा ताई दुसऱ्यांदा परत आली. म्हणाली, "आईंना उठवत नाहीये." मग तिसऱ्यांदा आत गेली. ती आली नाही.

बंब आला तो गल्लीच्या तोंडाशी अडकला. दोन्ही बाजूंनी लावलेल्या गाड्यांतून तो हलेना. जवान नळ्या घेऊन पळत आले, त्यांनी मोठ्या कात्रीनं जाळी तोडली. त्याच्या जोडाजवळ नाही, बाजूला. जोड शेवटपर्यंत तुटला नाही.

सासू जागीच गेली होती. ताई दवाखान्यात दुसऱ्या दिवशी गेली. त्या संध्याकाळी त्यानं मिशी उतरवली.

किल्ली सापडली दोन महिन्यांनी, राख उपसताना. बटणांच्या पत्र्याच्या डब्यात. डबा बाहेरून काळा झाला होता, आत चिंधीची राख, बटणं वितळून एक झालेली, आणि मधोमध किल्ली. चिठ्ठी जळून गेली असणार. मेव्हण्यांनी डबा मुलीच्या हातात दिला. मुलीनं डबा घेतला आणि मामाकडे एकदाच पाहिलं. बोलली काही नाही. रागानं चार शब्द बोलली असती तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं. पण त्याबद्दल नाहीच बोलली, इतक्या वर्षांत.

तेव्हापासून तो आपल्या हातच्या जाळ्या शोधत घरोघर फिरू लागला. ज्यांना दार नव्हतं त्यांना कापून दार केलं. खिळा खिडकीपासून दोन हात लांब, म्हणजे बाहेरून कुणाचा हात पोचू नये, आणि जमिनीपासून गुडघाभर उंच, कारण धुरात माणूस रांगतो. बायका कुरकुर करतात, "मामा, एवढ्या खाली ठेवली तर पोरं खेळायला घेतात." तो म्हणतो, "घेऊ द्या. खेळून झाली की जागेवर लावायला शिकवा." कुणी म्हणालं, "बरं बाई, जपून ठेवते," की त्याचा हात आपोआप वरच्या ओठाकडे जातो आणि तिथून परत येतो.

मागच्या महिन्यात भाची स्वतःच्या नव्या घरात राहायला आली. जाळी त्यानंच बसवली, खिळा त्यानंच ठोकला. पंधरा दिवसांनी तो गेला. भाचीची पाच वर्षांची मुलगी दारात नाचत आली, "मामाआजोबा, आईला आंधळी करा!"

भाची हसली, स्वतःच टॉवेल बांधून गुडघ्यावर बसली. तो मोजू लागला. एक, दोन, तीन. भाची रांगत खिळ्यापाशी पोचली. भिंत चाचपली. खिळा रिकामा होता.

"आईनं वर ठेवलीय," छोटी म्हणाली. "मी घेते म्हणून जपून ठेवलीय."

त्याचं मोजणं थांबलं नाही. भाचीनं टॉवेल काढला नाही. ती उठून कपाटाकडे गेली, खुर्ची शोधली, तिच्यावर चढली, सगळ्यात वरच्या फळीवर हात फिरवला. एक्केचाळीस. बेचाळीस. फळीवरून तिनं काहीतरी खाली घेतलं आणि झाकण उघडायला धडपडू लागली. झाकण घट्ट होतं.

तो काळा पत्र्याचा डबा होता.

एकाहत्तरला त्याचा आवाज बंद झाला.

भाचीनं टॉवेल काढला. डब्याकडे पाहिलं, मग मामाकडे. "हीच एक जागा आहे मामा, जी मी कधी विसरणार नाही," ती हळू म्हणाली. "म्हणून तिथं ठेवली."

"विसरली नव्हतीसच," तो म्हणाला. "तीस मोजेपर्यंत किल्लीला हात पोचला नाही."

"ओरडा ना मामा माझ्यावर."

"तू कधी ओरडलीस?"

ती खुर्चीवरच खाली बसली. छोटीला काही कळेना, ती एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. मग भाची बोलली. पंचवीस वर्षांचं एकदम बोलली. "तुम्हीच म्हणाला होतात तिला, जपून ठेव. बाबा सांगायचे. तुम्हीच म्हणाला होतात."

"हो," म्हातारा म्हणाला. "मीच."

मग त्यानं डब्यातून नव्या जाळीची किल्ली काढली आणि छोटीच्या हातात दिली. "खिळ्यावर लाव बघू."

छोटीनं लावली. तिच्या कमरेइतक्या उंचीवर होता खिळा, अगदी तिच्यासाठी ठोकल्यासारखा.

भाचीनं न सांगता टॉवेल उचलला आणि पुन्हा डोळ्यांना बांधला. गुडघ्यावर बसली. ओला झाला होता टॉवेल, तिच्याच डोळ्यांनी.

"मोजा," ती म्हणाली.

तो मोजू लागला. चौदाला कुलूप उघडलं.

"पुन्हा," मामा म्हणाला.