कवेलूंवरून गेलेला माळढोक

मुलांनो, तुमचं तिघांचं मिळून आलेलं पत्र वाचून मी हसले, आणि मग चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. तुमच्या मामाआजोबांनी तुम्हाला कळवलं आहे की त्यांच्या जन्माच्या वेळी आमच्या अमरावतीच्या घरावर गिधाड बसलं होतं, म्हणून त्यांचं नाक असं आहे. नाकाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण गिधाड बसलं नव्हतं. माझा भाऊ तेव्हा जन्मलाच नव्हता. मी होते, सात वर्षांची, आणि अंगणातच होते. त्या दिवशी घरात असलेल्यांपैकी आता मी एकटी उरले आहे. पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा आहे. काढणारा हुशार आहे असं सगळे म्हणतात, तरी अक्षर ओळीत येतंय तोवर लिहून ठेवलेलं बरं. जसं घडलं त्याच क्रमाने लिहिते.

आमचं घर परकोटाबाहेर, म्हणजे गावाच्या तटाबाहेर होतं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे वऱ्हाडात कापसाला कधी नव्हता असा भाव आला होता. गावात माणसं मावेनात, म्हणून कोटाबाहेरच्या माळावर घरं उठू लागली. त्यांतलं आमचं. दारावरून कापसाच्या बंड्या जात. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. आमच्या बोराटीच्या कुंपणाला दिवसभर रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, पुंजके अडकत, आणि आजी ते वातींसाठी वेचून ठेवी. बाबा कचेरीत कारकून होते. त्या वैशाखात त्यांना कामावर अकोल्याला धाडलं होतं. घरात आजी, म्हणजे बाबांची आई, माझी आई आणि मी. आईचे दिवस भरत आले होते. माझ्या पाठचं बाळ बंडीच्या प्रवासात, वाटेतच गेलं होतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण घरातल्या मुलीला अशा गोष्टी कळतातच.

त्या सकाळी अंगणात बाजेवर मुगवड्या वाळत घातल्या होत्या. कावळे हाकायला काठी देऊन मला बसवलं होतं. ऊन चढलं तशी मी बाजेखालच्या सावलीत सरकले आणि तिथून काठी हलवू लागले. मग माझ्या नाकासमोरून दोन पाय गेले.

माणसाचे नव्हते, बकरीचे नव्हते. पिवळट, खवल्यांचे, माझ्या मनगटाएवढे जाड. ते सावकाश गेले, थांबले, आणि वर बाजेवर टकटक आवाज होऊ लागला. मी दुसऱ्या बाजूने बाहेर आले आणि उभी राहिले. बाजेपलीकडे एक पक्षी उभा होता आणि त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर होते. पांढरी लांब मान, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखी पिसं, छातीवर काळा पट्टा. त्याने एक मुगवडी उचलली, गिळली, आणि ती मानेतून खाली जाताना मला दिसली. काठी कधी पडली ते कळलं नाही.

आई दारात आली होती. तिने चौकटीला हात धरला आणि अगदी हळू म्हणाली, "अगं बाई, माळढोक."

तेवढ्यात तिच्या मागून आजीची किंकाळी आली. पक्षी धावला. त्याने पंख उघडले तेव्हा अंगणात अंधारल्यासारखं झालं. तो जेमतेम वर उठला, छपराला घासून गेला, आणि दोन कवेलू, म्हणजे छपराची कौलं, घसरून आमच्या पायाशी फुटले. पलीकडच्या विहिरीवर शेजारचे भटजी आंघोळ करत होते. त्यांना तिकडून फक्त एक लांब फिकट मान आणि आमच्या आढ्यावर पसरलेले प्रचंड पंख दिसले.

"बसलं!" ते ओल्या पंच्यानिशी ओरडत आले. "गिधाड बसलं! आढ्यावर बसलं!"

तुम्हाला हे समजावून सांगायला हवं. घरावर गिधाड बसलं तर ते घर सोडायचं, पूजाहोम करून शांत केल्याशिवाय त्यात पाऊल टाकायचं नाही, असा आमच्याकडे नेम होता. आजीच्या बाबतीत तो नुसता नेम नव्हता. तिच्या अकोल्याच्या घरावर असंच गिधाड बसलं होतं, आजोबा हसले होते, घर सोडलं नव्हतं, आणि त्याच वर्षी तापाने आजोबा गेले. तेव्हापासून आजीच्या अंगावर विधवेचं लाल लुगडं होतं. तिचा चेहरा त्या क्षणी जसा झाला तसा मी पुन्हा कोणाचा पाहिला नाही.

"सूनबाई, लुगडी बांधा," ती म्हणाली. "तुमच्या माहेरी जाऊ. नांदगावाले."

आई हलली नाही. "आत्याबाई, ते गिधाड नाही. माळढोक आहे तो. आमच्या माळावर लय पाह्यले मी."

"वहिनी," भटजी म्हणाले, "मी गिधाड काय आज पाह्यलं?"

"तो घरावर बसतच नाही. त्याच्या पायाले मागचं बोट नाही. फांदी धरता येत नाही त्याले, आढं काय धरन? तो जमिनीवरच राहते."

"मंग कवेलू काय वाऱ्यानं पडले?"

अंगणात एव्हाना आठदहा बाया जमल्या होत्या. त्या हसल्या. आमची शेजारीण, कापसाच्या दलालाची बायको, पदर तोंडाला लावून म्हणाली, "पाखराचे बोटं मोजून राहिली माय! बाळंतपण जवळ आलं का जागचं हलणं जिवावर येते, दुसरं काय!"

मी आईकडे बघत राहिले. माझी आई परक्या पुरुषासमोर पायरीवर उभी राहून सासूचं म्हणणं खोडत होती. तिने कधी बाबांसमोरही आजीला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. पदर डोक्यावरून घसरला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. ती खाली बघत होती. मला उशिरा कळलं की ती ठसे शोधते आहे. सकाळी तिनेच शेणाचा सडा घातला होता, त्या ओल्या अंगणात त्याचे पाय उमटले असणार. पण जिथे तो चालला होता तिथे आता शेजारणींच्या टाचाच टाचा होत्या. आईने पदर सावरला आणि ती आत गेली.

बंड्या सगळ्या कापसाच्या वाहतुकीला लागलेल्या. एकच रिकामी मिळाली, माल उतरवून नांदगावकडे परत जाणारी. तळाशी सांडलेली रुई होती. "बसा माय, गादीच हाय," गाडीवान म्हणाला. आजीने आईला हाताला धरून चढवलं. पाठचं बाळ आजीलाही आठवत असणार, पण तिला आजोबाही आठवत होते. आम्ही बसत असताना बाजाराकडून बंदुकीचा बार ऐकू आला. कोणी मान वळवली नाही.

ऊन डोक्यावर आलं होतं. प्रत्येक खड्ड्याला आई डोळे मिटी आणि माझं मनगट आवळी. वळणावर तिच्या तोंडून एक आवाज निघाला, लहान मुलासारखा. आजीने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे पाहू लागली. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती.

कापसाच्या बाजारापाशी बंड्यांची कोंडी झाली होती. आमचे बैल थांबले. समोरून दोन माणसं खांद्यावर बांबू घेऊन येत होती आणि बांबूला तो टांगलेला होता. पाय वर, पंख सुटलेले, डोकं धुळीत घासत चाललेलं. रुईचे तंतू पिसांना चिकटले होते. चोचीच्या कडेला आमच्या मुगवडीचं पीठ होतं. थोड्या वेळापूर्वी तो मला बघत होता.

"सायबाच्या तंबूवर नेऊन राहिलो," पुढचा शिकारी रस्ता मागत ओरडला. "सरका, सरका!"

आजी खाली उतरली. तुमच्या खापरपणजीने जन्मात मांसाला हात लावला नव्हता. दुसऱ्याच्या सावलीने तिचं सोवळं मोडत असे. ती भर बाजारात त्या माणसांपुढे जाऊन उभी राहिली आणि तिने मेलेल्या पक्ष्याचा पाय हातात घेतला.

"पाय पाह्यता का मोल करता, आजीबाई?" मागचा शिकारी म्हणाला. बंडीवाले हसले.

आजीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने पुढची बोटं एकेक धरून पाहिली. तीन. मग आपला अंगठा पायाच्या मागून फिरवला, वरून खाली, पुन्हा खालून वर. तिथे काहीच नव्हतं. तिने दुसरा पाय धरला आणि तसंच केलं. मग ती तो पाय तसाच धरून उभी राहिली. बाजारातली माणसं बघत होती, पलीकडे एक बैल हंबरत होता, आणि बंडीत आई तिच्याकडे बघत होती.

"बंडी फिरव," आजी गाडीवानाला म्हणाली.

"माय, मले नांदगावाले जा लागते..."

"फिरव म्हणते ना!"

घरापाशी भटजी उभे होते. "काहून परतले?"

"त्याले मागचं बोट नाही," आजी म्हणाली. "ते बसलं नाही. बसूच शकत नाही."

"तरी शांत तर करा लागन."

"करू. घरात बसून करू."

मग ती विहिरीवर गेली आणि लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेत राहिली. किती वेळ घेत होती कोण जाणे, शेवटी आईनेच मला आजीला बोलवायला पाठवलं.

भाऊ त्याच आठवड्यात झाला, घरात, माजघरात. सुइणीने त्याला पुसून आजीच्या हातात दिला तेव्हा आजीने त्याचं तोंड पाहण्याआधी पाय पाहिले. आईने ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून हसली. रडलीही असेल. तो माळढोक परकोटाशी कशाला आला, हे मी तिला बाळंतिणीच्या खोलीतच विचारलं. ती म्हणाली, "तो आपल्याकडे नाही आला. आपण त्याच्या माळावर येऊन राह्यलो." त्यानंतर आमच्या घरात तो विषय निघाला नाही.

पुढे लग्नानंतर तुमच्या आजोबांनी मला इंग्रजी शिकवलं आणि कचेरीच्या वाचनालयातून पक्ष्यांवरचं एक जाड पुस्तक आणून दिलं. त्यात माझा पक्षी निघाला. लिहिणाऱ्याने आधी त्याचं मांस किती चवदार लागतं ते लिहिलं होतं, मग वजन, मग पिसांचा रंग. बोटांबद्दल शेवटी एक ओळ होती. तीन बोटं, मागचं नाही. ती ओळ मी आईला मराठीत सांगितली. ती भाजी निवडत होती. "आता सांगून राह्यली," ती म्हणाली, आणि निवडत राहिली.

अमरावतीचं ते घर अजून उभं आहे, त्यात भाडेकरू राहतात. अंगणात फरशी बसवली आहे. नांदगावच्या बाजूला थोडा माळ नांगराविना राहिला आहे आणि तिथे माळढोक आहेत असं ऐकते, पण मी त्यानंतर एकही पाहिलेला नाही. तुमचे मामाआजोबा अकोल्यात आहेत आणि त्यांची तब्येत चांगली आहे.