ऊसतोडीची टोळी आणि तीन कॉम्प्युटर

माझ्या मेव्हण्याला या जगातली कुठलीच गोष्ट बंद पडलेली बघवत नाही. कुणाकडे चहाला बसला तरी भिंतीवरचं बंद घड्याळ उतरवून त्याची चाकं बशीत मांडतो. आळे गावातल्या एका लग्नात त्याने ऐन मुहूर्तावर भटजींचा माइक उघडला आणि मंगलाष्टकं नुसत्या घशावर उरकावी लागली. मग पारगावला येऊन त्याने आमच्या कांदाचाळीत तीन जुने कॉम्प्युटर मांडले, त्यांवर लिनक्स नावाची प्रणाली चढवली आणि तिघांचा मिळून एक क्लस्टर, म्हणजे एकत्र राबणारा जथा केला. चपला काढल्याशिवाय तिथे मलासुद्धा प्रवेश नव्हता. उसाकडेच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला की गावच्या भोंग्यावर हाक द्यायची, एवढ्यासाठी हा खटाटोप. "दाजी, ही ऊसतोडीची टोळी समजा. एकेका डब्यात एकेक काम कोंडलंय, वर मुकादम हाय, त्यो बी एक प्रोग्रामच. एक गडी पडला की त्यो लगीच दुसरा हुबा करतो." आवाज त्याने आपल्या ताईचा, म्हणजे माझ्या बायकोचा घेतला. ती माइकपुढे लाजली आणि मला रोज बोलवायची तसंच बोलून गेली, "अहो, आत या. बिबट्या आलाय." गावभर हसू झालं, पण त्या हाकेसरशी गावातले सगळेच नवरे निमूट घरी जाऊ लागले.

मागच्या वर्षी ती गेली. तेराव्यानंतर आठवड्याने, भर दुपारी मी उसाला पाणी देत होतो आणि भोंग्यातून ती म्हणाली, "अहो, आत या." पाणी तसंच सोडून मी कांदाचाळ गाठली.

"काढून टाक त्यो आवाज," मी मेव्हण्याला म्हणालो. "मला सोसत नाय."

त्याने माझ्यादेखत तिच्या आवाजाचा डबा कॉम्प्युटरवरून पुसला. काही क्षणांत मुकादमाने तसाच दुसरा उभा केला. पुन्हा पुसला, पुन्हा उभा. पडद्यावर दर वेळी 'ताई' असं नाव यायचं आणि पुढे वय, चार सेकंद. "मुकादमाच्या कागदात एक ताई कायम पायजे असं मीच लिव्हलंय," तो हळूच म्हणाला. "तितं शून्य केल्याबिगर ती जायची न्हाई." बराच वेळ बसून शेवटी त्याने शून्य लिहिलं आणि तिच्या जागी स्वतःचा आवाज घातला.

चार दिवसांनी दिवस कलताना तो आवाज आला, "बिबट्या आलाय, घरात जावा!" सगळे गेले. मी बांधावर उभाच राहिलो. वारा पडलेला होता, तरी समोरचा ऊस हलत होता. मेव्हणा काठी आपटत, ओरडत धावत आला आणि मला दंडाला धरून त्याने घरात आणलं.

"दाजी, आलं का न्हाई तुमी?"

"तिनं हाक कुठं मारली?"

तो उठून चाळीत गेला आणि त्याने शून्याचा पुन्हा एक केला.

आता ती हाक आली की मी फावडं टाकून निघतो. घरात ती नसते, हे मला ठाऊक असतं. मेव्हणा माझ्याआधी पोचून चहा ठेवतो, आणि त्या वेड्याला अजून साखरेचा अंदाज येत नाही.