टिकणाऱ्या बायका

कुंकू घेतलेला मॅडमचा हात माझ्या सुनेच्या कपाळापर्यंत आला आणि तिथंच थांबला. माझ्याच घरात, गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या देखत.

"ताई, तुम्ही जरा आत थांबता का?" आवाज अगदी गोड.

"कुंकू नको मला," सून म्हणाली. "नाव तेवढं घ्या."

"नावाबरोबर फोटो लागतो ना. हळदीकुंकू घेतानाचा. फोटो वर जातात, साहेब बघतात."

सून वळली आणि स्वयंपाकघरात गेली. ती रांगेतून बाजूला झाली न झाली तोवर मागची बाई पुढं सरकली आणि तिनं आपलं कपाळ मॅडमपुढं केलं. मला शिसारी आली ती मॅडमची नंतर, आधी त्या बाईची. माझा मुलगा काविळीनं गेला तेव्हा हीच बाई आमच्या दारात छाती बडवत होती.

कळंब्यात आमचं घर म्हणजे रस्त्याकडंला ओसरीसारखा सोपा आणि मागं दोन खोल्या. मुलगा गेल्यावर सोपा भाड्यानं दिला. घेणारे होते शिलाई कारखान्याच्या भरतीचे लोक. लोक म्हणजे ही एक मॅडम, एक टेबल आणि भिंतीला लावलेला पांढरा फळा. कारखाना एमआयडीसीत. तिथं टीशर्ट शिवतात. गावोगावच्या बायका गोळा करून तिकडं लावायच्या, हे तिचं काम. फळ्यावर मोठा आकडा लिहिलेला असायचा. महिन्याला शंभर. रोज सकाळी साहेबाचा फोन यायचा आणि मॅडम तो टेबलावर ठेवून मोठ्यानं लावायची, त्यामुळं मला मागं चुलीपाशी सगळं ऐकू यायचं.

"किती झाल्या?"

"एकसष्ट सर."

"उरलेल्या कधी?"

एवढंच बोलणं. कोण बाई, कुठली, तिला सुईत दोरा ओवता येतो का, हे कधी एका शब्दानं विचारलं नाही. एकदा मी चहा देताना म्हटलं, "अगं, डेअरीत म्हशीचं दूध घालताना सुद्धा नुसतं माप बघत न्हाईत. फॅट लावून बघत्यात. तुमी काय बघता?"

ती हसली. "आज्जी, तुम्ही भारी बोलता." आणि परत फोनमध्ये डोकं घातलं.

माझी सून ब्लाउज शिवायची. हात चांगला होता, पण गल्लीत गिऱ्हाईक किती असणार? मॅडमनं टेबल मांडलं त्याच महिन्याच्या शेवटी सुनेनं जाऊन विचारलं, मला घेता का. मॅडम म्हणाली, "तुमचं पक्कंच. पण या महिन्याच्या शंभर होत आल्यात. तुम्हाला पुढच्या महिन्यात धरते."

पुढच्या महिन्यात का, तर पुढच्या महिन्याचा फळा रिकामा पडू नये म्हणून. लग्नातल्या जिलेब्या झाकून ठेवाव्यात तशी एक हातची बाई झाकून ठेवली. सून मुकाट्यानं थांबली.

तिला थांबणं परवडणारं नव्हतं. तिचं माहेर शिरोळकडं. भावाचा ऊस, चार म्हशी आणि भावजयीची कंबर दुखणारी. भावाचा निरोप आला होता, "रथसप्तमी झाली की न्यायला येतो. बाईमाणूस एकटं कशाला राहतंय?" एकटं म्हणजे काय, मी घरात होते की! पण मी त्याच्या हिशेबात नव्हते. सुनेला जायचं नव्हतं. मला म्हणाली, "आत्ती, तिथं गेले की मी म्हशीत जमा. नोकरी लागली तर कोण नेणार न्हाय मला." माझंही तेच मत होतं. म्हशींच्या धारा काढायला फुकटची बाई पाहिजे म्हणून बहीण आठवलेली, दुसरं काय.

मग संक्रांत आली. शंभर बायका एका दमात कशा मिळवाव्यात याची मॅडमला युक्ती सुचली. हळदीकुंकू ठेवायचं. येईल तिला वाण द्यायचं, त्याच जागी अंगठा घ्यायचा, फोटो काढायचा, झाली भरती. सुनेला म्हणाली, "त्या दिवशीच तुमचंही नाव घेते, सगळ्यांबरोबर." तिच्या डोक्यात आलंच नाही की ज्या बाईला कामाची खरी गरज, ती हळदीकुंकवाच्या रांगेत चालत नाही. मी विधवा, सूनही विधवा, तेव्हा यजमानीण म्हणून नावाला समोरच्या घरातली बसवली, कुंकू लावायला मॅडम स्वतःच. घर माझं, सतरंजी माझी, पाणी माझं, आणि पाटावर ती.

सुनेला आत पाठवल्यावर मी उठले. म्हटलं, "मॅडम, तिचं नाव घे आधी. मग बाकीच्या."

"आज्जी, नंतर बघू ना."

समोरची पाटावरनंच बोलली, "काकू, सणासुदीचं कशाला? रीत हाय ती."

"रीत तुझ्या घरात घाल. हा सोपा माझा हाय."

"मग खरं तर तुमीबी आतच बसायला पायजे हुतं की."

बायका माना खाली घालून वाणाचे डबे न्याहाळायला लागल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "अगं, निळ्या झाकणाचा डबा न्हाय व्हय? मला लालच आला." मग झाकणांची अदलाबदल सुरू झाली. मी आत गेले. सून भांडी घासत होती. घासलेलीच परत घासत होती.

संध्याकाळपर्यंत फळा भरला. साहेबानं फोनवर शाबासकी दिली. मॅडमनं पेढे आणले, एक माझ्या हातावर ठेवला. मी तो कावळ्याला टाकला.

सोमवारी पाण्याच्या टाकीपाशी कारखान्याची बस उभी राहिली. त्यात तीन बायका चढल्या. समोरचीला मी विचारलं, "तुझं बी नाव हाय की. गेली न्हाईस?"

"मी कशाला जातीय? आमचे हे काय सोडत्यात व्हय कामाला? वाण दिलं, घेतलं."

मॅडमला त्याचं काही नव्हतं. तिला नावं मोजायची होती, ती मोजून झाली होती. आणि रथसप्तमी झाल्यावर भाऊ आला, सुनेची पेटी उचलली आणि तिला घेऊन गेला. जाताना तिनं शिलाई मशीनवर जुनं लुगडं टाकलं. मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही. भावाचं तोंड बघायचं नव्हतं.

उन्हाळ्यात एके सकाळी फोनवर साहेब ओरडायला लागला. नावं येतायत, बायका येत नाहीत. आल्या तर आठ दिवसांत पळतायत. आता नावं मोजायची नाहीत. तीन महिन्यांनी मशीनवर बसलेली असेल तीच बाई धरायची. मॅडमचं तोंड एवढंसं झालं. तिनं फळा पुसला आणि नवीन आकडा लिहिला. मला वाटलं, चला, उशिरा का होईना शहाणपण आलं.

दुपारी ती मागच्या दारानं आत आली. "आज्जी, तुमची सून कुठं असते आता?"

"का गं?"

"आम्हाला आता तशाच बायका पाहिजेत."

"तशाच म्हंजे कशा?"

"म्हणजे... ज्यांना घरी दुसरा आधार नाही. सोडून जायला जागा नसते ना त्यांना. त्या टिकतात." आणि लगेच पुढं, "गल्लीत अजून कोण आहेत का अशा? नवऱ्यानं टाकलेल्या वगैरे?"

मला थुंकावंसं वाटलं, पण फरशी माझी होती. ज्या कपाळापाशी हिचा हात थांबला, तेच कपाळ आता ही दारोदार शोधत होती. मी एकही घर दाखवलं नाही. दाखवायला समोरची होतीच. ती रस्त्यात उभी राहून बोटानं दाखवत होती, त्या पत्र्याच्या घरात एक हाय, मारुतीच्या देवळामागं एक हाय.

मी शिरोळला फोन लावला. मॅडम जे बोलली ते शब्दाला शब्द सुनेला सांगितलं. लपवून काय मिळणार होतं? म्हटलं, "तुला बोलवत्यात. तुला दुसरीकडं जायला जागा न्हाय म्हणून. यायचं का न्हाय ते तू बघ."

पलीकडं म्हैस ओरडत होती. सून म्हणाली, "हितं तरी कुठं जागा हाय आत्ती? हितं मी फुकटात टिकलीय की."

दुसऱ्या दिवशी एसटीनं आली. पेटी घेऊन. हात शेणानं आणि पाचटानं फाटलेले. चहा घेतला आणि सोप्यात जाऊन त्याच टेबलापुढं बसली. या वेळी कुंकू लागलं नाही. मॅडमनं फोन वर धरला, "ताई, थोडं हसा."

सून हसली नाही. मॅडमनं तसाच फोटो काढला.

ती तीन महिने टिकली. मॅडमनं फळ्यावर खूण केली, आत येऊन मला सांगितलं, "आज्जी, तुमच्या सुनेमुळं माझं टार्गेट झालं." मी तिला सोपा रिकामा करायला सांगितला. भाड्याचं काय ते पुढं बघू, असं मनाशी म्हटलं. ती आता दुसऱ्या गल्लीत टेबल टाकून बसते. जाताना फळा नेला, भिंतीत खिळे तेवढे राहिले.

हळदीकुंकवाला आत पाठवली ती आणि पुढं शोधून आणली ती, बाई एकच. माझी सून. रोज सकाळी टाकीपाशी बसमध्ये चढते. सोपा आता तिच्या मशीनला आहे, रविवारी ती तिथं ब्लाउज शिवते.