काकांचे बदली कॉम्प्युटर

चालत्या वस्तूला म्हातारी म्हणून घराबाहेर काढणारा माणूस माझ्या काकांच्या लेखी सरळ खुनीच. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, राहणार चिंचपोकळीच्या चाळीत. लालबाग-परळच्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर ते टॅक्सीत घालून घरी आणत, वायरींनी एकमेकांना जोडत आणि एकच काम सगळ्यांना वाटून देत. दहाबारा म्हातारे मिळून एका तरण्याला भारी पडतात, हा त्यांचा सिद्धांत. तो पलंगावर मांडलेला असल्यामुळे मावशी जमिनीवर झोपायची. ही मंडळी कामाला लागली की खोलीची भट्टी व्हायची. मावशीने त्यांच्या डोक्यावर कुरडया वाळवून थोडीफार भरपाई केली. शेजारीण मात्र आधी खिडकीतून विचारायची, "काका, मिक्सर लावू का?" कारण दोन्ही एकदम चाललं की अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडायचा.

त्यापेक्षा एकच दमदार नवा घ्या, असं मी सुचवलं की काका मालवणीवर यायचे. "तुझो एकटो शहाणो आजारी पडलो, तर काम कोण करतलो?" त्यांचे वडील गिरणीत बदली कामगार होते. रोज डबा घेऊन फाटकाशी उभं राहायचं आणि कोणी गैरहजर असला तरच आत जायचं. म्हणून काकाही एक कॉम्प्युटर कायम मोकळा ठेवत, कोणी बसकण मारली तर त्याच्या जागी लावायला.

शेवटी मावशीनेच फर्मान काढलं. मंडळाच्या गणपतीच्या देखाव्यासाठी हलत्या चित्रांची फिल्म करायची होती. जो ती आधी तयार करेल तो घरात राहील, हरेल तो भंगारात. मी माझा नवाकोरा कॉम्प्युटर आणला. दोघांना एकदमच सुरू केलं. काका टेबलफॅन घेऊन एकेकाला वारा घालत फिरत होते. चहा होईतो माझी फिल्म पुरी झाली. त्यांच्याकडे नुसता उंदीर उमटला होता, तोही शेपटीवाचून.

काकांनी स्वतःच भंगारवाल्याला हाक मारली. एकेक कॉम्प्युटर जिन्याने उतरला. शेवटचा, तो मोकळा ठेवलेला, निघाला तेव्हा मावशी दारात आडवी आली. कुरडयांना लागेल, म्हणाली.

आता माझा कॉम्प्युटर तिथेच असतो आणि एकटा सगळं करतो. शेजारी तो म्हातारा. काका रोज सकाळी त्याला सुरू करतात, संध्याकाळी बंद करतात. "काम नाय मेळला तरी हजर आसा," एकदा हळूच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. हल्ली तिथे गेलो की मनापासून वाटतं, माझ्या त्या शहाण्याने एखादा दिवस तरी आजारी पडावं.