कारखान्याची गिटार

आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या सचिवांना मी कधीच आवडलो नाही, आणि ते मला. मी इलेक्ट्रिक खात्यात वायरमन होतो. आधी आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या गायन पार्टीत बेंजो वाजवायचो, पुढं सोलापूरला आयटीआय करताना एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार शिकलो. अध्यक्षांच्या मनात कारखान्याचा ऑर्केस्ट्रा काढायचं आलं आणि अख्ख्या कारखान्यात गिटार येणारा मी एकटाच निघालो. म्हणून नाइलाजानं सचिवांनी मला खरेदीला सोलापूरला नेलं. जीपमध्ये पुढं ते, मधे त्यांचे पाहुणे, मी मागं स्टेपनीशेजारी. आमच्या मुरूमपासून सोलापूरपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

दुकानात दोन गिटारी होत्या. एक लालभडक, टोकदार शिंगांची, नवीकोरी. दुसरी कलकत्त्याला बनवलेली, जुन्या विलायती गिटारीच्या धाटणीची. पोकळ अंगाची, मधे मधासारखा रंग आणि कडेला काळपट होत गेलेला. सचिवांनी लाल गिटारीवर बोट ठेवलं.

"हीच. स्टेजवर दिसली पाहिजे."

मी लाल गिटार उचलली, एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली. मान पिळलेली होती. मानेवरच्या प्रत्येक धातूच्या पट्टीवर प्रत्येक तार दाबून बघितली, तर वरच्या अंगाला ताराच खडखडत होत्या. मग जुन्या धाटणीची घेतली. मान सरळ, सूर भरीव. खुंट्या मात्र ढिल्या होत्या आणि आवाजात गुणगुण होती. पण ते दोन्ही पुढं सुधारता आलं असतं. पिळलेली मान सुधारता येत नाही.

"साहेब, ही घ्या," मी म्हणालो.

"संचालक मंडळाला हे जुनाट दाखवू? लोक म्हणतील, सचिवानं भंगार आणलं."

"लाल घेतली तर वाजवायला दुसरा बघा."

दुकानदार पुढ्यात उभा होता, म्हणून सचिव गप्प बसले. जुन्या धाटणीचीच गिटार घेतली. ते बोलणं त्यांनी मनात ठेवलं, हे मला परतीच्या वाटेवरच कळलं. चहाला गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हरसुद्धा खाली उतरला, आणि मला कुणी उतर म्हणालं नाही.

गिटार कारखान्याच्या क्लबच्या कपाटात राहायची, पण किल्ली माझ्याकडं होती. त्या साली पाऊस फिरकला नाही. ऊस शेतातच वाळला, हंगाम लवकर आटोपला आणि कारखानाभर माणसं सावलीत बसून तंबाखू मळू लागली. हवा इतकी कोरडी की गिटारीचं लाकूड आकसलं आणि मानेच्या दोन्ही कडांनी पट्ट्यांची टोकं काट्यांसारखी बाहेर आली. वाजवताना बोट कापलं तेव्हा लक्षात आलं. मी ती टोकं बारीक कानशीनं घासून काढली, मानेला जवसाचं तेल लावलं. साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला फडका घातला आणि ती डबी कपाटात गिटारीजवळ ठेवली, म्हणजे लाकडाला थोडी ओल राहील.

त्या ओल्या फडक्यावरून भांडण झालं. टँकरच्या रांगेत खात्यातल्या फिटरनं सगळ्यांसमोर तोंड सोडलं.

"माणसाला प्यायला न्हाई आन् ह्यो लाकडाला पाणी पाजतोय!"

"माझ्या वाट्याच्या तांब्यातलं पाजतो. तुझ्या बापाच्या विहिरीतलं न्हाई."

तो अंगावर आला. लोकांनी सोडवलं नसतं तर मीही मागं हटलो नसतो. त्या उन्हाळ्यात सगळ्यांचीच डोकी तापलेली होती. पण बाकीच्यांचं एकमेकांतलं भांडण पाण्याचं होतं, माझ्याशी त्यांचं भांडण वेगळंच होतं. आमच्या वस्तीतला माणूस क्लबच्या कपाटाची किल्ली कमरेला लावून हिंडतो, हे त्यांना खुपत होतं. कुणी तसं तोंडानं बोलत नव्हतं. न बोलता कळेल असंच वागत होते.

काम नव्हतं, तेव्हा मी गिटारीच्या मागं लागलो. सोलापूरच्या माझ्या जुन्या ऑर्केस्ट्रावाल्याकडं एक मोडकी विलायती गिटार पडून होती. तिच्या खुंट्या आणि पिकअप मी त्याच्याकडून मिळवले. पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक आणि वेटोळं, सूर पकडतं ते. आतली तार तुटलेली होती. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधली केसासारखी तार काढून मी ते वेटोळं पुन्हा गुंडाळलं. हाताला जरा जास्त ओढ बसली की तार तुटायची आणि सगळं पहिल्यापासून. बायको म्हणायची, "तुमाला भूक तरी लागती का न्हाई?" आवाज कमीजास्त करायचं बटण खरखरत होतं, तेही बदललं. गुणगुण थांबावी म्हणून आतल्या पोकळीला सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवून तिला अर्थिंग दिली. काढलेल्या मूळच्या वस्तू मी बिस्किटाच्या डब्यात घालून ठेवल्या.

त्यानंतर जी गिटार वाजली, ती दुकानातली नव्हतीच. एक तार छेडली की सूर भिंतीपर्यंत जाऊन परत यायचा. तालमीला बाहेर उभं राहून लोक ऐकायचे. तो फिटरसुद्धा. मी त्याच्याकडं बघत नसे.

पुढं अध्यक्षांचा वाढदिवस आला. मोठा मांडव, जिल्ह्यातले पुढारी. आठवडाभर आधी अध्यक्षांचा भाचा पुण्याहून आला. तालमीत त्यानं गिटार मागून घेतली आणि वाजवली. माझ्यापेक्षा चांगली वाजवली. हे मला तिथंच कळलं, आणि त्यामुळं माझा राग दुप्पट झाला. तो नुसता मिरवणारा असता तर मी हसून सोडून दिलं असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सचिवांनी मला बोलावलं. बस म्हणाले नाहीत.

"किल्ली दे. आज भाचेसाहेब वाजवतील."

"आणि मी?"

"तू लायटिंग बघ. तेच तुझं काम."

"साहेब, गिटार मी निवडली, मीच सांभाळली."

"गिटार कारखान्याची आहे. तुझी काय आहे?"

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. मी म्हणालो, "बरं. दुपारी साफ करून आणून देतो."

गिटार घरी आणून मी डबा काढला. माझ्या खुंट्या उतरवल्या, जुन्या ढिल्या बसवल्या. माझा पिकअप काढला, गुणगुणणारा लावला. खरखरतं बटण परत गेलं. चांदी खरवडून काढली. बऱ्याच दिवसांनी मन शांत झालं होतं. चार वाजता गिटार पुसून सचिवांच्या हातात दिली.

संध्याकाळी मी मांडवाच्या मागं लाईटच्या बोर्डाजवळ उभा होतो. पहिलं गाणं सुरू झालं आणि कर्ण्यातून भुंग्यासारखा आवाज भरून राहिला. भाच्यानं बटण फिरवलं, कर्णा खरखरला. कडव्यात तारा उतरल्या. त्यानं वाजवता वाजवता खुंटी पिळली, ती पुन्हा सरकली. मला वाटलं, आता पडतो तोंडावर. पण त्यानं गिटार शांतपणे खाली ठेवली, पेटीवाल्याला खूण केली आणि टाळ्या वाजवत गाणं उचललं. सगळा मांडव टाळ्या वाजवू लागला. मी बोर्डाजवळ दातओठ खात उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी भाचा खात्यात आला, एकटाच.

"तुम्ही वस्तू काढून घेतल्या ना?"

"व्हय."

"पिकअप तुम्ही बांधला होता? फार सुंदर होता. परत लावा. मी मामांना सांगतो, आपण दोघं मिळून वाजवू. तुम्ही मागं साथीला."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. पण "मागं" हा शब्द माझ्या कानात बसला.

"पुढं वाजवायला दिलं तर लावतो," मी म्हणालो.

तो आल्या वाटेनं निघून गेला.

मग ऑफिसात पंचायत बसली. सचिव, दोन संचालक आणि मी. सचिवांनी चोरीचा शब्द काढला.

"मोजून घ्या," मी म्हणालो. "दुकानातून आणली तेव्हा जे होतं, त्यातलं एक तरी कमी हाय का?"

"तू जे लावलंस ते कारखान्याच्या गिटारीला लावलंस. म्हणजे ते कारखान्याचं झालं."

"कारखान्याच्या गिटारीला माझा सदरा रोज घासत होता. तोबी काढून ठेवू का?"

एक म्हातारे संचालक हसले. सचिव हसले नाहीत. चोरी काही ठरली नाही, पण मला ऑर्केस्ट्रातून काढलं आणि पंपहाऊसवर टाकलं. नदीत पाणी नव्हतं. मोटारी बंद, मी बंद मोटारींचा राखणदार.

तिथंच बसून मी स्वतःची गिटार करायला घेतली. गावच्या सुताराकडून शिसवीचं अंग कोरून घेतलं. सोलापूरच्या त्याच मोडक्या विलायती गिटारीची मान मागून आणली, तिला गेलेली चीर सरसानं बुजवली. दिसायला ती बेढब झाली, जड तर इतकी की खांदा भरून यायचा. पण पिकअप तोच, खुंट्या त्याच. जयंतीला वस्तीच्या चौकात वाजवली, पुढं ईटला, वाशीला, असा गावोगावी गायन पार्टीबरोबर गेलो. पुढंच उभा राहिलो.

ऑर्केस्ट्रा दोन-तीन कार्यक्रमांनंतर मोडला. बऱ्याच वर्षांनी क्लबचं सामान भंगारात निघालं, कॅरमबोर्ड, खुर्च्या आणि ती गिटार. ज्याला हवं त्यानं येऊन बघावं, असं फळ्यावर लिहिलं होतं. बायको म्हणाली, "जाऊन तर या. तुमीच निवडली व्हती." मी म्हणालो, मला काम आहे. काम काही नव्हतं. दिवसभर घरात बसून राहिलो आणि संध्याकाळी तिनं पुन्हा विषय काढला तेव्हा तिच्यावरच ओरडलो.