मुजूवालीची मोशी

बुनिम लग्न होऊन हानसानला आली तेव्हा मोशी म्हणजे काय हे तिला धड ठाऊकही नव्हतं. तिचं माहेर मुजूच्या डोंगरातलं. तिथे बटाटे, मका आणि बर्फ. हानसानात मात्र पोरींचे दुधाचे दात पडून नवे आले की त्यांना मोशी दातात धरायला लावत. मोशी नावाच्या झुडपाच्या काडीची साल सोलायची, भिजवायची आणि ओल्या पट्टीला पुढच्या दातांनी चीर देत देत केसासारखे बारीक धागे काढायचे. उन्हाळ्यात त्याचं कापड विणलं जाई, इतकं हलकं की अंगावर आहे की नाही कळू नये. बाईची किंमत तिच्या धाग्यावरून ठरे. जिचा धागा जाड तिचं नशीबही जाडंभरडं, असं लोक तोंडावर म्हणत.

सासूचं नाव मालसुन. तिच्या धाग्यासाठी व्यापारी भल्या पहाटे बाजारात तिची वाट बघत उभे राहायचे.

पहिल्याच सकाळी सासूनं सुनेला समोर बसवलं. ओली पट्टी दातात धरली, मान जराशी वळवली, आणि पट्टी उभी दुभंगली. पुन्हा धरली, पुन्हा दुभंगली.

"आई, सुरुवात बुडाकडून करायची की शेंड्याकडून?" बुनिमनं विचारलं.

"डोळे फुटलेत का तुझे? बघ."

बुनिमनं बघितलं. पण बघून तिच्या डोक्यात काही शिरत नसे. लहानपणापासूनचंच होतं ते. ऐकलेलं मात्र कायमचं राही. सगळा स्वयंपाक ती आईच्या बोलण्यातून शिकली होती, आणि करताना स्वतःशीच पुटपुटायची, "आधी मीठ, मग पिळायचं, मग वर धोंडा." इथे तर कामाला लागायचं म्हणजे आधी तोंडच भरायचं. तरी सवयीनं ती पुटपुटली. पट्टी मधेच तुटली आणि सासूची चपराक ओठांवर बसली.

"तोंड चिरायला दिलंय देवानं, बडबडायला नाही!"

त्या हिवाळ्यात तिचे ओठ भरून आलेच नाहीत. किमचीचं, त्या आंबवलेल्या लोणच्याचं, तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून ती नुसता बार्लीचा भात पाण्याबरोबर गिळायची. नवरा गीतेक समोर जेवत असायचा. त्यानं एकदाही मान वर केली नाही. वाया गेलेल्या पट्ट्या सासूनं टाकल्या नाहीत. त्यांचा दोर वळला, सुनेच्या कमरेला बांधला आणि तिला विहिरीवर पाण्याला धाडलं.

"काय गं मुजूवाली, बैल कुठाय तुझा?" विहिरीवरच्या बायका हसल्या. पार पुढचा हिवाळा येईपर्यंत तो दोर तिच्या कमरेला होता.

तिला शिकवलं ते टोफू विकणाऱ्या म्हातारीनं. तिला सगळे कोंजूवाली म्हणत. एके काळी तीही मोशी चिरायची. आता तोंडात एक दात शिल्लक नव्हता. दाखवणार कशानं? म्हणून सांगायची. बुनिम टोफू घ्यायला जायची आणि उंबऱ्यावर बसून ऐकायची.

"बुडाकडून धर बाई. जीभ मागे घे, जिभेनं धागा ढकलायचा नसतो. वरचा दात हलवायचा नाही, खालचा हलवायचा. फाट वाकडी जायला लागली की जाड अंगाकडे ओढ. आणि श्वास नाकानं घे, घोड्यासारखी फुरफुरू नकोस."

"परत सांगा ना आज्जी."

"किती वेळा सांगू? टोफू आंबला माझा!" म्हणत म्हातारी परत सांगायची.

बुनिमनं ते सगळं पाठ केलं. तोंडात मोशी धरली की म्हातारीचा आवाज डोक्यात सुरू व्हायचा. वर्ष उलटायच्या आत तिचा धागा सासूच्या धाग्याच्या बरोबरीनं विकला जाऊ लागला. बाजारात कोणीतरी कौतुक केलं तेव्हा मालसुन सुनेला पुढे ढकलून म्हणाली, "धोंडा होता हा, धोंडा! मारून मारून घडवलाय." बुनिम खाली बघत उभी राहिली. कोंजूवालीचं नाव तिनं घेतलं नाही. घेतलं असतं तर टोफूला जाणंही बंद झालं असतं.

मुलगी झाली, योनसुक. तिला पाजताना बुनिम तिच्या कानात म्हणायची, "तुला मी सगळं सांगेन. एक शब्द मागे ठेवणार नाही."

आणि तिनं बोलल्याप्रमाणे केलं. योनसुकला नवे दात आल्यापासून रोज दुपारी तिला समोर बसवून ती सांगायची. बूड, शेंडा, जीभ, श्वास. पोर जांभया द्यायची, हात पट्टीकडे न्यायची.

"हात नको लावू! आधी नीट ऐक."

"ऐकलं."

"मग सांग बघू, जीभ कुठे ठेवायची?"

पोरीला सांगता येत नसे. शब्द तिच्या एका कानातून शिरत आणि दुसऱ्यातून जात. बुनिम पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. मग पट्टी हातात दिली की घाबरून पोरीचे दात थडथडत आणि पट्टीचे तुकडे पडत.

"एवढं कानीकपाळी ओरडते मी! मला कोणी एक शब्द सांगितला नव्हता, कळतंय का?"

"आई, तू जरा गप्प बसशील का? माझ्या हातात दे, मी बघते करून."

बुनिमचा हात उठला आणि पोरीच्या ओठांवर बसला. ओठ फुटला. रक्त बघून बुनिमचं काळीज हललं, पण तिनं लगेच स्वतःची समजूत घातली, की मी निदान सांगते तरी. तेव्हापासून हात रोजच उठू लागला. शाळेत योनसुक कोणाशी बोलेनाशी झाली. गावात तिला मठ्ठ म्हणू लागले, आणि आईही तेच म्हणायची.

योनसुक चौदा वर्षांची असताना, एका उन्हाळ्यात, बुनिम बाजारातून लवकर परतली. विणायच्या तळघरातून हसण्याचा आवाज येत होता. मोशी कोरड्या हवेत तुटते, म्हणून माग खाली ओलाव्यात असायचा. बुनिम पायरीवर थबकली.

खाली सासू बसली होती. आता ती कमरेतून वाकली होती. नात तिच्या मांडीला टेकून बसली होती. म्हातारीनं पोरीच्या बोटांवर आपली बोटं ठेवली होती. दोघींपैकी कोणीच बोलत नव्हतं. पोरीनं पट्टी दातात धरून ओढली, ती तुटली. म्हातारीनं तुकडा फेकून दुसरी पट्टी दिली. तीही तुटली, आणि दोघी खुदखुदल्या. मग तिसरी सरळ शेवटपर्यंत फाटत गेली. शेजारच्या टोपलीत धाग्याचा गुंडाळा होता. तो आजचा एका दिवसाचा नव्हता, बऱ्याच दिवसांपासूनचा होता. बुनिमनं खाली जाऊन तो उचलला. त्यात एकही धागा जाड नव्हता.

"हे कोणी केलं?"

"पोरीनं," मालसुन म्हणाली. "तू उगाच किटकिट करतेस तिच्या कानाशी. तिला हातानंच कळतं. दिलं हातात की झालं."

"मला का नाही दिलंत हातात?" बुनिमचा आवाज चिरकला. "माझ्या कमरेला दोर बांधलात तुम्ही!"

म्हातारीनं मांडीवरचे तुकडे झटकले. मग सहज म्हणाली, "तू परक्याची पोर होतीस. ही माझ्यावर गेलीय."

मागावर कात्री होती. बुनिमनं ती घेतली आणि गुंडाळा कापायला लागली. कडेवरून, मधून, पुन्हा मधून. योनसुक आईच्या हाताला लोंबकळली. "आई नको, आई, माझा आहे तो!" म्हातारीनं उठायचा प्रयत्न केला, पण तिला कोणी उठवल्याशिवाय उठता येत नव्हतं. शेवटी टोपलीत नुसता भुगा राहिला.

शरद ऋतू सुरू झाला तशी बुनिमनं मुलीला सोल शहरात, शिलाईच्या कारखान्यात धाडलं. "इथे शिकून काय उजेड पाडलास," एवढंच म्हणाली. तिथे योनसुकनं पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत मशीन हाताखाली घातलं, असं गावातल्या दुसऱ्या पोरीनं पुढे कधीतरी सांगितलं. बुनिमनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मालसुननं नात गेल्यावर मोशीला दात लावला नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. बुनिम तिला जेवण देई, अंग पुसून देई, आणि दोघी एका शब्दानं बोलत नसत.

म्हातारी गेली तेव्हा योनसुक आली. सुतकाच्या जाड कापडात ती आजीसाठी असा टाहो फोडून रडली की शेजारणींचेही डोळे भरले. आईला तिनं वाकून नमस्कार केला, परक्या बाईला करावा तसा. तिसऱ्या दिवशी ती निघाली. कोणी बोलावलं नसताना बुनिम बसथांब्यापर्यंत मागोमाग गेली.

"योनसुक," ती म्हणाली, "मी तुला कसं शिकवायला हवं होतं?"

मुलीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आता काय करायचंय ते? बस आली."

बस गेली. बुनिमनं घरी येऊन सासूची खोली धुतली, गादी उन्हात टाकली.

त्याच आठवड्यात शेजारची नवी सून दारात आली. हातात मोशी-तोकची, मोशीचा पाला घातलेल्या तांदळाच्या पोळीची, ताटली होती. हिरव्या पोळीवर तेल चमकत होतं.

"काकू, तुमच्यासारखा धागा इथे कोणाचा नाही म्हणतात. मला शिकवाल का? माझी सासू नुसती ओरडते."

त्या मुलीचे ओठ सुजले होते. बुनिमनं ते पाहिलं. तिनं ताटली घेतली नाही.

"मला शिकवता येत नाही," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.