एक्स्पोर्टचे बूट आणि सहा नंबरचा क्रोम

माझ्या नातीला चामडं चालत नाही. बूट नाही, सँडल नाही, घड्याळाचा पट्टासुद्धा नाही. कुणी विचारलं की मी बारा वर्षं एकच उत्तर दिलं, "जन्मापासूनच नाजूक कातडी आहे हो, आईवर गेलीय." हे मी इतक्या सफाईनं म्हणायचे की मयूर विहारच्या आमच्या सोसायटीतल्या निम्म्या बायका माझ्या सुनेला गाठून क्रीमची नावं सुचवायच्या. साफ खोटं होतं ते. पोरीची कातडी चांगली ठणठणीत होती. ती बिघडवली मी.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. म्हणजे तरुणच, आणि मूर्खपणाच्या बाबतीत तर ऐन भरात. नवऱ्याच्या सरकारी नोकरीपायी नागपूर सोडून दिल्लीत आलो होतो. मुलगा हाताशी आल्यावर माझी धूळ खात पडलेली बी.एस्सी. झटकून मी नोएडाच्या एका लॅबमध्ये केमिस्ट झाले. गळ्यात आयकार्ड, अंगात पांढरा कोट. त्या कोटाचा मला इतका माज होता की परतताना मेट्रोतही काढायचे नाही. लोक मला डॉक्टर समजून उठून जागा देत आणि मी बसत असे.

लॅबमध्ये चामडं तपासायला यायचं. कानपूरहून, जालंधरहून, पाकिटात कोंबलेले तुकडे. कच्चं कातडं क्रोमच्या मिठात मुरवलं की निळसर राखाडी पडतं. थंडगार, ओलसर, बोटाला बिलगणारं. पाकीट फोडलं की आंबूस, तेलकट भपकारा थेट घशात. डब्यातली दोडक्याची भाजीही मग त्याच चवीची लागायची. नागपूरची माझी ताई फोनवर चिडवायची.

"आजोबांनी गावाशी भांडून मेलेली ढोरं ओढणं सोडलं. तू तेच धरलंस, वर इंग्रजीत!"

"मी ओढत नाही गं. मी फक्त नळीत ओतते."

"मग आंघोळ करून फोन करत जा. इथवर वास येतोय."

आता त्या क्रोमचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ओडिशाच्या खाणीतून काळा दगड निघतो, कारखान्यात त्याचं मीठ होतं आणि ते मीठ चामड्याला सडू देत नाही. हा तीन नंबरचा क्रोम, तसा गरीब. पण चामडं नीट धुतलं नाही, भलतंच तेल चोळलं, तापलेल्या गोदामात डांबलं, की त्यातलाच थोडा बिघडतो आणि सहा नंबरचा होतो. हा डसतो. आणि कातडीला तो एकदा बाधला की ती जन्मभर विसरत नाही. म्हणून युरोपवाले बूट घेण्याआधी तपासून मागतात. माझं काम तेच. चामडं कातरायचं, दळायचं, खास पाण्यात तीन तास घुसळायचं आणि शेवटी दोन थेंब औषध. पाणी होतं तसंच राहिलं तर पास. राणी कलरचं झालं तर फेल.

तो रंग मला भारी आवडायचा. मी त्या नळीशी मॅचिंग ओढणी घेतली होती, आणि मालाचा एखादा लॉट फेल झाला की दुसऱ्या दिवशी ती घालून यायचे. फेल झालेल्या मालाचं पुढे काय होतं, हे मात्र कधी विचारलं नाही. मला वाटायचं, जाळत असतील. बावन्न वर्षांची बाई, आणि तिला वाटायचं, जाळत असतील!

नात अडीच वर्षांची झाली तेव्हा सुनेनं मॉलमधून तिला तपकिरी बूट आणले. किंमत ऐकून मी घर डोक्यावर घेतलं. "अगं, एवढ्यात मी अख्ख्या बालवाडीला बूट घातले असते!" आणि पुढच्याच सोमवारी आठवडी बाजार गाठला. 'एक्स्पोर्टचा माल' एवढं ऐकलं की दिल्लीच्या बायकांचं भान जातं. मला दिल्लीत येऊन पंचवीस वर्षं झाली होती, माझंही गेलं. ढिगावर ओणवी होऊन मी एक लाल जोडी उपसून काढली. आत परदेशी साइज, त्याखाली छापलेला स्टाइल नंबर.

"भैया, असली चमड़ा है?"

"आंटी, जर्मनी का माल है. सूँघ के देखो."

आणि मी हुंगलं. दिवसभर चामडं हुंगून जिचं नाक मेलेलं, तिनं भर बाजारात ऐटीत हुंगलं आणि जाणकारासारखी मान डोलावली. मग निम्म्या भावात पटवलं, घरी येऊन ती जोडी सुनेच्या नाकासमोर नाचवली. "याला म्हणतात खरेदी. जर्मनीतली पोरं घालतात हे!"

दोनेक महिन्यांनी नातीच्या पावलांवर, वरच्या बाजूला, लाल चट्टे उठले. मग त्यांतून पाणी सुटलं, खपल्या धरल्या, पोर खाजवून खाजवून रक्त काढू लागली. मोजे सोलून काढावे लागत. सून म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ. मी म्हटलं, घरात केमिस्ट बसलीय, डॉक्टर कशाला? मी निदान केलं: सुनेची कपडे धुण्याची सुगंधी पावडर. ती बदलली. मग म्हटलं, मॉलचे बूट कडक आहेत, ते घासतात. ते काढायला लावले आणि त्या चिघळलेल्या पावलांवर दोन्ही हातांनी माझे लाल बूट चढवले. मऊ आहेत म्हणून.



शेवटी सुनेनं मला न जुमानता त्वचेच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांनी नातीच्या पाठीवर बारीक बारीक चकत्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या, आणखी दोन दिवसांनी पाहिलं. एकाच चकतीच्या जागी फोडांचं लाल वर्तुळ उठलं होतं.

"क्रोमियम," बाई म्हणाल्या. "बच्ची चमड़े का कुछ पहनती है?"

त्या चकतीत काय असतं ते मला ठाऊक होतं. सहा नंबरच्या क्रोमचं नारिंगी मीठ. तेच माझ्या टेबलावर बाटलीत असायचं.

सून तिथंच रडायला लागली. "माझेच बूट ते, आई. मॉलचे. तुम्ही सांगत होतात."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "जाऊ दे गं, तुला कुठे माहीत होतं." हो, हे मी म्हटलं. सुरात, मायेनं.

डॉक्टरीणबाईंनी चामडं कायमचं बंद केलं होतं. पण जोड्या टाकण्याआधी मी दोन्हींचे तुकडे कातरून पर्समध्ये घातले आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये दळले. मॉलच्या बुटाचं पाणी तसंच नितळ राहिलं. माझ्या बुटाची नळी राणी कलरची झाली. काय दाट, काय सुरेख.  मग रजिस्टर काढलं; तुकडा कोणत्या बुटाचा, तो स्टाइल नंबर त्यात लिहिलेला असतो. स्टाइल नंबर तोच. चार महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट, फेल, आणि खाली सही माझी, शेवटच्या झोकदार फराट्यासकट. त्या कागदाला कसलाच वास नव्हता.

साहेबांना विचारलं, "सर, फेल माल जाता कहाँ है?"

त्यांनी चहातून मानही वर केली नाही. "जर्मनी नहीं जाता, मैडम. हमारा काम बस इतना है."

सोमवारी मी पुन्हा बाजारात. ढीग तसाच होता, लाल बूटही त्यात होते. एक बाई आपल्या लेकीच्या पायात जोडी घालून बघत होती. मी जोरात म्हटलं, "मत लीजिए, इसमें केमिकल है. विलायत के लिए फेल हुआ माल है ये. पैर गल जाएँगे बच्ची के."

"पागल आंटी है," बूटवाला म्हणाला. "तीन महीने पहले यही ले के गई थी, मोलभाव करके."

त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग बुटाकडे, मग त्याच्याकडे. "सुना ना भैया? ख़राब माल है. फिर तो आधे में दो."

त्यानं दिले. पोरगी ते लाल बूट घालूनच टकटक करत निघून गेली. मला त्या बाईची इतकी किळस आली की काय सांगू. मी असते तर अजून खाली उतरवला असता भाव, म्हणून आली.

इथं 'मग मी नोकरी सोडली' असं लिहायला हात शिवशिवतोय. सोडली नाही. आणखी सहा वर्षं केली, निरोपाला शाल घेतली. आणि सुनेला सांगायचं आज, उद्या, करत राहिले. आधी म्हटलं, पाय बरे होऊ देत. पाय बरे झाले, तेव्हा म्हटलं, आता कशाला उकरा. त्यानंतर ते 'आईवर गेलीय' सापडलं आणि मला इतकं सोयीचं पडलं की कधीकधी माझाही त्यावर विश्वास बसायचा.

यंदा नातीची शाळेच्या परेडच्या तुकडीत निवड झाली. काळे चामड्याचे बूट सक्तीचे. ती स्वयंपाकघरात माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आजी, तू चल ना सरांकडे. तुझं ते जन्मापासूनवालं बोल. ते एकदम पटतं यार सगळ्यांना."

मी तोंड उघडलं आणि ते वाक्य येईना. सून पोळ्या लाटत होती. मी म्हटलं, "जन्मापासून नाहीये. आईमुळे नाही, मॉलच्या बुटांमुळेही नाही. माझ्या लाल बुटांमुळे आहे." आणि सगळं सांगितलं, नळीपासून सहीपर्यंत.

"आजी, यार..." नात म्हणाली आणि आईकडे बघू लागली.

सुनेनं गॅस बंद केला. "केव्हा कळलं तुम्हाला?"

"डॉक्टरांकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"बारा वर्षं, आई. बारा वर्षं मी तुम्हाला विचारल्याशिवाय घरात साबणाची वडीसुद्धा आणली नाही. माझ्या हातून परत काही होऊ नये म्हणून."

मी पोळपाटावरचं पीठ पुसायला घेतलं.

"सरांकडे मी जाईन," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका."

ती गेली, होतं ते सांगितलं, आणि सरांनी पाच मिनिटांत तोडगा काढला: काळे आणि चकचकीत असले की झालं, चामड्याचे नसले तरी चालतील. एवढं विचारायचं मला इतक्या वर्षांत एकाही शाळेत सुचलं नव्हतं. मी आपली नाजूक कातडी सांगत फिरायचे.

सून माझ्याशी बोलते. वाढते, औषधाची वेळ सांगते. विचारत काही नाही. शनिवारी आम्ही तिघी बूट घ्यायला गेलो. दुकानाच्या दारात तिनं मला बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं, "बसा इथं," आणि नातीला घेऊन आत गेली.

मी बसले.